धुरी आणि शटरमधलं बिऱ्हाड

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी मला तुमचा शाळेचा प्रोजेक्ट दाखवलात. ‘प्राण्यांच्या सुपरपॉवर्स’. वटवाघळाच्या पाठीवर लाल झूल, कुत्र्याच्या नाकातून निघणाऱ्या विजेच्या रेषा, आणि मधमाशीला आपल्याला न दिसणारे रंग दिसतात म्हणून तिच्या डोळ्यांवर गॉगल. तुमच्या बाईंनी त्यावर तारा चिकटवला होता. मी काही बोलले नाही, कारण तुमची आई मागे उभी होती आणि तिचा चेहरा मला ‘छान म्हणा’ असं सांगत होता. आता लिहून सांगते. मला तो प्रोजेक्ट आवडला नाही.

सुपर कुणापेक्षा? आपल्यापेक्षा, असंच ना? म्हणजे मोजपट्टी आपली, शून्याची खूण आपल्या नाकाशी आणि कानाशी, आणि जो प्राणी त्या खुणेच्या पुढे गेला तो सर्कशीतला. वटवाघळाला प्रोजेक्ट करायला दिला असता, तर त्याने आपल्याला ‘बहिरे आणि संथ’ या सदरात टाकून विषय संपवला असता. तुमच्या वयाला ही चूक शोभते. मी ती साठी उलटल्यावर केली, आणि त्याआधी तीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून झालं होतं. तेव्हा हसायचं असेल तर मला हसा, पण आधी नीट ऐका.

गोष्ट जर्मनीतल्या बाड हॉम्बुर्गची, तुमची आतेबहीण जन्मली त्या जून महिन्याची. म्हणजे तीच, जी आता ‘आजीशी मराठीत बोल’ म्हटलं की ‘नाइन’, म्हणजे नाही, असं म्हणून दुसऱ्या खोलीत पळते. तिच्या जन्माआधी महिनाभर मी पुण्याहून तुमच्या आत्याकडे आले. माझ्या बॅगेत प्रत्येक पुडीवर चिठ्ठी होती: ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, डिंक, हळीव, ऊद, धूप, हिंगाचा खडा. यादीची एक प्रत बॅगेत, एक पर्समध्ये. विमानतळावर कुणी उघडायला लावलं असतं, तर मी इंग्रजीतून एकेका पुडीचं शास्त्रीय नाव सांगणार होते. कुणी लावलं नाही. थोडी निराशाच झाली.

त्या महिन्यात तुमची आत्या आणि मी रोज सकाळी जंगलाच्या कडेने चालायला जायचो. इथे जंगल म्हणजे फाटक उघडल्यावर सुरू होणारी सरळ झाडं आणि दर दोनशे पावलांवर बाक. तिथे कुत्र्यांना फिरवणारी माणसं भेटत. कुत्र्याशी ती इतक्या गोड आवाजात बोलत की माणसांशी बोलायला आवाज उरतच नसावा. पण कुत्रा एखाद्या खांबापाशी थांबून वाचायला लागला की दोन क्षणांत पट्ट्याला हिसका. तो बिचारा कोण आलं, कधी गेलं, आजारी होतं का, कुणाला घाबरलं होतं, सगळं त्या खांबावर वाचत असतो, आणि हे त्याचं पुस्तक मिटून त्याला पुढे ओढतात. वर म्हणतात, आम्ही कुत्र्याला फिरायला नेलं.

परत आल्यावर आत्या मला दारात उभी करून माझे पाय तपासायची. इथल्या गवतात गोचिडी असतात आणि त्यांच्यापासून आजार होतात. गोचीड तुम्ही प्रोजेक्टमध्ये घेतली नाहीत, कारण तिला झूल शोभत नाही. तिला पाहता येत नाही, ऐकू येत नाही. ती गवताच्या काडीवर टांगून बसते आणि घामाचा आंबट वास आणि अंगाची ऊब येईपर्यंत वाट पाहते. तेवढंच तिचं जग. त्यात जंगल नाही, बाक नाहीत, आणि बाकावर बसून निसर्गाबद्दल बोलणारे लोक तर नाहीतच. मला हे जग तेव्हा फार दरिद्री वाटायचं. मी आत्याला तसं म्हणालेही.

“आई, तिला हवं ते मिळतं ना? मग झालं,” आत्या म्हणाली. तिला तेव्हा नववा महिना होता आणि कुणाचाही कैवार घ्यायची सवय लागली होती.

बाळ जन्मलं ते दवाखान्यात, व्यवस्थित. जन्मल्यावर तासाभरातच ते आईच्या अंगावर सरपटत जाऊन प्यायला लागलं. तिसऱ्या दिवशी दोघी घरी आल्या, आणि कारभार माझ्या हातात आला.

आता कारभार म्हणजे काय ते सांगते, कारण तुमच्या आईने यातलं काही केलं नाही आणि तुम्हाला कुठून माहीत असणार. रोज सकाळी बाळाला तेल लावून, मसाज करून, कढत पाण्याने अंघोळ. मग धुरी. निखाऱ्यांवर ओवा, शेपा, वावडिंग, ऊद आणि लसणीच्या साली टाकायच्या आणि त्या धुरावर बाळाला वरच्यावर धरायचं, मग त्याची दुपटी, मग बाळंतिणीला. बाळाच्या टाळूवर हिंग घातलेलं तेल. माझ्या आईने माझं असंच केलं, मी तुमच्या बाबांचं आणि आत्याचं असंच केलं. मी विज्ञान शिकलेली बाई असल्यामुळे त्याला मी परंपरा म्हणत नसे, जंतुनाशन म्हणत असे. इंग्रजी शिक्षणाचा हा एक मोठा फायदा आहे. जे आपल्याला करायचंच असतं, त्याला चांगलं नाव मिळतं.

निखारे कुठून आणायचे? तुमचे काका, म्हणजे आत्याचे यजमान, जवळच्या एश्बॉर्नला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहेत. ते ऑफिसातून येताना ग्रिलचे कोळसे घेऊन आले. दहा किलोची पिशवी, वर सॉसेजचं चित्र. ते बाल्कनीत पेटवायचे, लाल झाले की लोखंडी कढईत घालून आत आणायचे. पण इथे प्रत्येक झोपायच्या खोलीत छताला धूर ओळखणारा गजर बसवलेला असतो. जर्मन लोकांनी आपलं नाक छताला टांगून ठेवलं आहे, म्हणजे स्वतःला काही हुंगायला नको. पहिल्या दिवशी त्याने बोंब मारली आणि खालच्या मजल्यावरचे आजोबा चप्पल न घालता वर आले. दुसऱ्या दिवसापासून त्यावर आत्याची अंघोळीची प्लास्टिकची टोपी चढवली. काका खुर्चीवर उभे राहून टोपी नीट बसवत म्हणाले, “आई, हे बेकायदेशीर आहे हं.”

“मग कायद्याला सांगा, दहा मिनिटं बाहेर थांब,” मी म्हटलं.

त्यांच्या आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, रोज नाशिकहून फोन करत. “अहो ताई, धुरी नीट देताय ना? तिकडे थंडी असते, कान दुखतो बाळाचा.”

“जून महिना आहे हो. सव्वीस डिग्री आहे.”

“असेना. हवा परकीच ना?”

मी विहीणबाईंची मनात टर उडवायची, आणि मग उठून नेमकं त्या सांगत तेच करायची. बंद खोलीत, निखाऱ्यांवर. कोळशाच्या विषारी वायूने आम्ही सगळे गुदमरून गेलो असतो. तुम्ही असलं काही कधी करू नका.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी खिडकीच्या कट्ट्यावर मला काळ्या लेंड्या दिसल्या, तांदळाच्या तुकड्याएवढ्या. काकांनी लगेच फोनवर फोटो काढला आणि कुठल्याशा ॲपला विचारलं. ॲप म्हणालं, उंदीर, साठ टक्के. मी एक लेंडी कागदावर घेऊन टूथपिकने दाबली. तिची भुकटी झाली आणि भुकटीत किड्यांच्या पंखांचे चकचकीत कण निघाले. उंदराची लेंडी अशी फुटत नाही. “वटवाघूळ,” मी म्हटलं. काकांनी ॲपकडे पाहिलं, जणू त्याची परवानगी हवी होती.

खिडकीबाहेर गुंडाळून वर जाणारं शटर असतं, इथे त्याला रोलाडन म्हणतात. त्याच्या वरच्या पेटीत छोट्या वटवाघळांनी बिऱ्हाड केलं होतं. घरमालकाने गावातल्या वटवाघूळ-मंडळाच्या एका बाईला पाठवलं. निवृत्त बाई, पायात सँडल, गळ्यात विजेरी, हातात ट्रान्झिस्टरएवढा एक डबा. तिने पेटीला कान लावला, डबा लावला, आणि चेहरा असा केला की जणू तिच्याच घरी नातू झाला आहे.

“तर मग, या सगळ्या आया आहेत,” ती इंग्रजीत म्हणाली. “पिल्लं नुकतीच झाली आहेत. तीसएक तरी असतील. अभिनंदन!”

“आमच्याकडे एकच झालंय,” मी म्हटलं.

तिला ते विनोद म्हणून कळलं नाही. तिने नियम सांगितले. शटर हलवायचं नाही. पेटी उघडायची नाही. ऑगस्टपर्यंत बायकांना कसलाही त्रास द्यायचा नाही, ते कायद्याने मना आहे. ती त्यांना ‘आमच्या बायका’ म्हणत होती. इथल्या भाषेत अशा बिऱ्हाडाला बाळंतिणीच्या खोलीचंच नाव आहे, हेही तिने मला कौतुकाने सांगितलं. मला कौतुक नव्हतं. आमच्या बाळंतिणीच्या खोलीत पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत लख्ख उजेड, शटर खाली करायची सोय नाही, आणि ही वरच्या बाळंतिणींची काळजी घेतेय. ती गेल्यावर मी खिडकीला सोलापुरी चादर खिळवली आणि काकांना म्हटलं, “ज्या देशात उंदराएवढ्या प्राण्याला भाडेकरूपेक्षा जास्त हक्क आहेत, तिथे तुम्ही घर घेऊ नका.”

पण खरी काळजी वेगळीच सुरू झाली होती. बाळ पीत नव्हतं.

दवाखान्यात नीट पिणारी मुलगी घरी आल्यापासून अंगावर घेतली की डोकं इकडून तिकडे फिरवायची. तोंड उघडायची, शोधायची, सापडायचं नाही, मग हातपाय ताठ करून किंचाळायची. दमून झोपायची. पुन्हा तेच. आत्याला दूध भरपूर होतं, दुखून ती रडायची, आणि पोरगी दोन इंचांवर उपाशी. मी काय केलं असेल? वही घातली. वेळ, बाजू, किती मिनिटं, शेरा. लाल शाईने ओळी आखल्या. वही घातली की आपण काहीतरी करतोय असं वाटतं.

दर दोन दिवसांनी घरी सुईण यायची, इथे तिला हेबामं म्हणतात. सत्तावीस-अठ्ठावीसची पोरगी, दंडावर गोंदलेलं पान, सायकलवरून येणारी. बाळाला कापडाच्या झोळीत घालून काट्याला टांगायची, आपल्याकडे भाजी तोलतात तशी. पहिल्या वेळी वजन उतरलेलं होतं. ती म्हणाली, सुरुवातीला उतरतं. दुसऱ्या वेळी ते आणखी उतरलं होतं. या वेळी तिने काट्याकडे दोनदा पाहिलं. मग खोलीत नाक वर करून म्हणाली, “इथे कसला वास येतो?”

मी धुरीचं सांगितलं. जंतुनाशन हा शब्द दोनदा वापरला.

“धूर बाळाच्या छातीला चांगला नाही. रोज अंघोळही नको. आणि आईच्या अंगाला दुसरा काही वास नको. बाळ वासावरून येतं.”

“कुठे येतं?”

“आईकडे. त्याला अजून नीट दिसत नाही ना. दुधाचा वास, त्वचेचा वास, त्यावरून ते...”

“मी तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं आहे,” मी म्हटलं. “माणूस हा मुख्यतः डोळ्यांवर चालणारा प्राणी आहे. बाळ म्हणजे काही कुत्र्याचं पिल्लू नव्हे.”

तिने थोडा विचार केला. “पहिले काही दिवस,” ती म्हणाली, “थोडंसं.”

आत्या मध्येच मराठीत म्हणाली, “आई, प्लीज.” मी गप्प बसले, पण हार म्हणून नव्हे. मनात म्हटलं, हिने स्वतःला मूल होऊ दिलं नाही अजून, आणि मला शिकवते. ही माझी त्या दिवशीची पातळी. सुईणीने निघताना आत्याच्या हातात फॉर्म दिला. शुक्रवारी सकाळी पुन्हा वजन, आणि ते वर आलं नसेल तर बाळाला परत दवाखान्यात भरती. तिथे नळीने दूध घालतील. एकदा नळीची सवय लागली की अंगावर येणं अवघड जातं, असंही ती म्हणाली. आत्या फॉर्मवरचं छापील जर्मन वाचत राहिली, एकच ओळ पुन्हा पुन्हा.

तो मंगळवार होता. बुधवारी मी धुरी बंद केली का? नाही. बुधवारी मी ओवा जास्त टाकला, कारण पोट दुखत असेल म्हणून पीत नसेल, असा माझा निष्कर्ष होता.

गुरुवारी सकाळी धुरी चालू असताना वरच्या पेटीत खरखर सुरू झाली. नखांची, पंखांची, कातडी एकमेकांवर घासल्यासारखी. शटरचा पट्टा ज्या फटीतून भिंतीत जातो, त्या फटीतून माझा धूर सरळ वर ओढला जात होता. मी कढई हातात घेऊन बघत उभी राहिले. चादरीमागून बाहेर काही फडफडलं, मी चादरीची कड उचलून पाहिलं. भर उजेडात दोन-तीन वटवाघळं पेटीतून सुटून घराच्या कोपऱ्यावरून वळली. त्यांच्या छातीला पिल्लं चिकटलेली होती की नाही ते मला दिसलं नाही. मग बाल्कनीच्या फरशीवर टप असा आवाज आला, भिजवलेला राजमा पडल्यासारखा.

पिल्लू होतं. गुलाबी-करडं, उघडंवाघडं, डोळे मिटलेले, माझ्या अंगठ्याच्या पेरापेक्षा लहान. तोंड उघडत होतं आणि मिटत होतं. आवाज काही येत नव्हता. मी भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले, कारण वटवाघळाला उघडा हात लावू नये एवढं मला माहीत होतं, आणि त्याला ताटलीवर घेतलं. काकांनी फोन केला. ती सँडलवाली बाई वीस मिनिटांत हजर.

या वेळी ती अभिनंदन म्हणाली नाही. ताटली घेतली, पिल्लाला एका लोकरीच्या तुकड्यात गुंडाळून मुठीत ऊब दिली, आणि नाकाने दोनदा आत ओढलं. “काय जाळलंत?”

मी यादी सांगितली. शास्त्रीय नावं नाही सांगितली.

तिने तो डबा पिल्लापाशी नेऊन चालू केला. आणि डबा ओरडायला लागला. चटचट, चटचट, न थांबता, तेल तापल्यावर मोहरी फुटावी तसा. ते पिल्लू एवढा वेळ किंचाळत होतं. माझ्या हातातल्या ताटलीवर ते जिवाच्या आकांताने आईला हाका मारत होतं, आणि मला वाटलं होतं की ते जांभया देतंय. ‘आवाजाची वारंवारता मानवी श्रवणमर्यादेपलीकडे’ हे वाक्य मी तीस वर्षं लिहून दिलं आहे. पलीकडे म्हणजे काय ते मला त्या बाल्कनीत कळलं. पलीकडे म्हणजे आपण मूर्खासारखे शेजारी उभे.

“आई येईल?” काकांनी विचारलं.

“आज संध्याकाळी याला वर पेटीच्या फटीपाशी ठेवते. तीस पिल्लांत आई आपलं पिल्लू आवाजाने ओळखते आणि मग हुंगून खात्री करते. हो, आवाज आहे अजून.” तिने लोकरीचा तुकडा नाकाशी नेला. “वासाचं मला माहीत नाही. याला आता तुमच्या धुराचा वास आहे. याच्या आईलाही.”

तेवढ्यात आतून आमची मुलगी रडायला लागली. तिला ऐकायला डबा लागत नव्हता, खालच्या रस्त्यापर्यंत ऐकू जात होतं. बाईने दाराकडे पाहिलं. छताच्या गजरावर प्लास्टिकची टोपी, खाली कढईत विझत आलेले निखारे, दोरीवर धुरी दिलेली दुपटी एका ओळीत वाळत.

“बाळालाही दिलीत ही?” तिने विचारलं.

“हो. बाळालाच तर असते.”

वरच्या तीस बायकांसाठी तिच्याकडे नियमांचं छापील पत्रक होतं, माझ्या मुलीसाठी काही नव्हतं. ती माझ्याकडे बघत राहिली, मी सुईणीकडे बघायची तशी. मग पिल्लू मुठीत धरून ती बाल्कनीत जाऊन बसली.

मी स्वयंपाकघरात जाऊन वही उघडली. माझ्याच अक्षरात, लाल ओळींत, सगळं होतं. पहाटेच्या रकान्यात कधी पाच मिनिटं, कधी सात. अंघोळ आणि धुरीनंतरच्या रकान्यात शून्य, शून्य, शून्य, पुढे ‘किंचाळली’. संध्याकाळपर्यंत पुन्हा तीन, चार. बुधवारी, जेव्हा ओवा जास्त टाकला, दुपारभर शून्य. कॉलेजातल्या पहिल्या वर्षाच्या पोराने हे वाचून निष्कर्ष लिहिला असता. मी रकाने आखण्यात गुंतले होते.

दुपारी चारला मी आत्याला न्हाणीघरात स्टुलावर बसवलं. साबण काढून ठेवला. नुसत्या कोमट पाण्याने तिचे केस धुतले, मान, छाती, काखा, पुन्हा पुन्हा. टॉवेलला हिंगाचा वास येत होता, तो बाजूला टाकून काकांचा स्वच्छ टी-शर्ट फाडला आणि त्याने पुसलं. बाळालाही ओल्या फडक्याने पुसलं, टाळूवरचं तेल निघेपर्यंत.

“आई, काय चाललंय?” आत्या म्हणाली.

“गप्प बस.”

“सकाळी धुरी, दुपारी ही धुलाई. माझं काय लोणचं घालणार आहेस?”

“लोणच्याला वास असतो. तुला नकोय.”

ती हसली, आठ दिवसांत पहिल्यांदा, आणि हसता हसता रडायला लागली. मी दुपटी, उशी, चादरी, सगळं उचलून जिन्यात नेऊन टाकलं. स्वयंपाकघराच्या, बैठकीच्या, सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. सोलापुरी चादर काढली. तिच्यात इतका धूर मुरला होता की झटकली तर खोकला आला. मग आत्याला बैठकीतल्या सोफ्यावर टेकवून बसवलं आणि पोरीला उघडीच तिच्या पोटावर पालथी ठेवली. सुईणीने पहिल्या दिवशी असंच करायला सांगितलं होतं. मी तेव्हा म्हटलं होतं, सर्दी होईल.

मी वाकून आत्याच्या गळ्यापाशी नाक नेलं. मला तपासायचं होतं, काही राहिलं का. हुंगलं, पुन्हा हुंगलं. मला कसलाच वास आला नाही. पाण्याचाही नाही. माझ्या नाकापुरती तिथे कोणीच नव्हतं.

पोरगी बराच वेळ नुसती पडून राहिली. मग डोकं उचललं, आपटलं, गाल घासला. पाय मागे रेटून तसूभर वर सरकली. थांबली. नाकपुड्या हलल्या, हे मी पाहिलं. उजवीकडे वळली, कुणी बोलावल्यासारखी. मी हात पुढे केला तेव्हा आत्याने माझं मनगट धरलं. “हात लावू नकोस,” ती म्हणाली. मी मागे झाले. पंधरा-वीस मिनिटं लागली असतील. मी घड्याळ पाहिलं नाही, वही स्वयंपाकघरात होती. पोरीने तोंड उघडलं, पकडलं, आणि प्यायला लागली. घशात गिळण्याचा आवाज येत होता. तो मात्र मला ऐकू आला.

बाल्कनीतल्या बाईने दिवेलागणीला पिल्लाला एका खरखरीत कापडावर फटीपाशी चिकटवून ठेवलं. आकाशात अजून उजेड होता. दोन-तीन वेळा काहीतरी जवळून गेलं, डब्यात चटचट वाढली, पुन्हा कमी झाली. मी आतून पाहत होते. बाहेर जायचं धैर्य नव्हतं असं म्हणा. सकाळी कापड रिकामं होतं. बाई येऊन पाहून गेली आणि तिने आपल्या डायरीत ‘आईने नेलं’ अशी नोंद केली. नेताना तिने पाहिलं नव्हतं. समोरच्या छपरावर दोन मॅगपाय, कावळ्यासारखे पिल्लं पळवणारे पक्षी, बसलेले असत, ते मी रोज पाहत असे. पण मी तिला विचारलं नाही. इतक्या खात्रीने नोंद करणाऱ्या बाईबद्दल मला नेहमी तिटकारा वाटतो, आणि त्या दिवशी माझी वही तिच्या डायरीपेक्षा बरी आहे असं म्हणायची सोय नव्हती.

दहा वाजता सुईण आली. सायकलची टोपी काढली, हात धुतले, बाळाला झोळीत घालून काट्याला टांगलं. आम्ही तिघं काट्याकडे बघत होतो. काटा हलत थांबला. तिने आकडा मोठ्याने वाचला, मग आपल्या पुस्तिकेतला मागचा आकडा वाचला. फरक थोडा होता, पण वरच्या बाजूला.

“गेनाऊ,” ती म्हणाली, म्हणजे बरोबर. “आता दवाखाना नको. काय बदललंत?”

आत्या माझ्याकडे बघत होती. मला सांगता आलं असतं की तुझं ऐकलं. ते खरं नव्हतं. तिचं मी ऐकलंच नव्हतं.

“वटवाघळांच्या बाईने धुरी बंद करायला लावली,” मी म्हटलं.

सुईणीला राग यायला हवा होता. मला आला असता. तिने झोळीतून पोरीला काढून आत्याच्या अंगावर ठेवलं आणि तिच्या डोक्यावरून एक बोट फिरवलं.

“एगाल,” ती म्हणाली. म्हणजे, कुणी का लावेना. “पितेय ना?”

पीत होती. मी खुर्ची घेतली, छताच्या गजरावरची टोपी काढली, आणि खाली उतरताना मला सुईणीने हात दिला. मी तो धरला.